संकेतस्थळांची व्युत्क्रम अभियांत्रिकी
संकेतस्थळांची व्युत्क्रम अभियांत्रिकी : वापरात असलेल्या संकेतस्थळाच्या निरीक्षणावरून त्याच्या मुळाशी असलेले सॉफ्टवेअर-प्रतिमान, म्हणजे घटक, त्यांचे परस्परसंबंध व व्यवहारक्रम यांचा आराखडा, पुन्हा सिद्ध करण्याची पद्धती. नवनिर्मितीत आराखड्याकडून वस्तूकडे, तर येथे वस्तूकडून आराखड्याकडे जावे लागते.

वास्तूवरून तिची योजना ताडण्याची रीत पुरातत्त्वविद्येत जुनी आहे. रामटेक (जि. नागपूर) येथील टेकडीवरील वाकाटककालीन मंदिरांची मांडणी आज उभ्या असलेल्या गर्भगृह, मंडप व स्तंभ यांवरूनच समजून घ्यावी लागते. मात्र केवल नरसिंह मंदिराचा वाकाटक राज्ञी प्रभावती गुप्ता हिच्याशी असलेला संबंध तेथील कोरीव लेखामुळे कळला. रचना वास्तूवरून कळते, हेतू कळण्यास लेखी पुरावा लागतो. हा भेद संकेतस्थळांच्या बाबतीतही महत्त्वाचा ठरतो.

इतिहास : एलियट चिकॉफ्स्की व जेम्स क्रॉस यांनी १९९० मध्ये या क्षेत्रातील संज्ञांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. वर्षाचे दोनच अंक नोंदविणारे जुने संगणक-कार्यक्रम २००० सालापूर्वी तपासणे भाग पडल्याने या तंत्रास चालना मिळाली. १९९७ मध्ये यूएमएल ही आरेखनभाषा प्रमाण म्हणून स्वीकारली गेली. १९९९ मध्ये जिम कॉनलेन यांनी तिचा वेब-प्रणालींसाठी केलेला विस्तार मांडला. इटलीतील फिलिप्पो रिक्का व पाओलो टोनेल्ला यांनी २००० च्या सुमारास पृष्ठे व दुवे यांचा आलेख तयार करणारे रीवेब हे साधन विकसित केले. महाराष्ट्रात पुण्याच्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर (स्थापना १९८१) या संस्थेत प्रतिमानांवरून सॉफ्टवेअर निर्माण करणे व जुन्या कार्यक्रमांचे विश्लेषण करणे या दोन्ही दिशांनी संशोधन झाले.

पद्धती : प्रथम दुव्यांचा मागोवा घेऊन पृष्ठे गोळा करतात व एकाच साच्याच्या पृष्ठांचे गट पाडतात. नंतर अर्जांतील रकान्यांवरून माहितीचे घटक ओळखतात. उदा., नगरपरिषदेच्या करभरणा-पृष्ठावर मालमत्ता क्रमांक, मालकाचे नाव व थकबाकी हे रकाने असल्यास मालमत्ता, करदाता व आकारणी या घटकांचे अनुमान करता येते. शेवटी प्रत्यक्ष वापर करून व्यवहारक्रम पडताळतात.

मर्यादा : सर्व्हरवरील आज्ञावली बाहेरून दिसत नाही. थकबाकीची रक्कम दिसते. परंतु ती कोणत्या नियमाने व कोणत्या सवलती धरून काढली, हे पृष्ठावरून निश्चित होत नाही. म्हणून सिद्ध झालेले प्रतिमान हे अनुमानच असते. जुनी प्रणाली बदलताना असा एखादा नियम निसटल्यास पात्र नागरिकाची सवलत बुडू शकते. त्यामुळे प्रतिमान मूळ दस्तऐवज, शासकीय नियम व कामाची माहिती असलेले कर्मचारी यांच्याकडून तपासून घेणे आवश्यक असते.