माळवद

मातीचे सपाट छत, आणि त्या छताचे घर. खानदेश-विदर्भात याच्या जवळचा शब्द धाबे. लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतील जुन्या गावठाणांची बांधणी बहुतांशी माळवदाची. पाऊस बेताचा, ऊन कडक आणि दगड हाताशी, अशा मुलखाचे हे घर आहे. कोकणातल्या पावसात ते एक पावसाळाही तगणार नाही.

घराचे माप खणात सांगतात. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. त्यामुळे ‘दहा खणांचं घर’ म्हटले की ऐकणाऱ्याला घराचा आवाका आणि घरधन्याची ऐपत दोन्ही कळतात. खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर दाटीने बसवलेल्या फळ्या किंवा काटक्या, वर पाला आणि शेवटी माती. ही माती पांढरी लागते. शेताची ती काळी आणि गावठाणाची ती पांढरी, अशी गावाची जुनी वाटणी आहे. काळी माती वाळली की भेगाळते, म्हणून छताला ती चालत नाही. छतात उजेडासाठी आणि धूर जाण्यासाठी भोक ठेवतात, ते साणे. मोठ्या वाड्यात दाराशी ढाळज, आत चौक आणि भोवती सोपे असतात. धान्यासाठी भिंतीच्या पोटात बळद आणि जमिनीत पेव असते. उन्हाळ्यात कुरडया, पापड, मिरच्या माळवदावर वाळतात आणि रात्री घरच झोपायला वर जाते.

मृगाआधी माळवदावर नवी माती पसरून चोपायची, उगवलेले गवत उपटायचे, पन्हळी मोकळ्या करायच्या, हे काम दरवर्षीचे. जुनी माती न काढता नवी घालत गेल्याने पिढ्यांनंतर थर दोन-दोन फुटांचे होतात. दोन फूट मातीचे ओझे दर चौरस मीटरला जवळपास एक टन भरते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा हे ओझे माणसांच्या अंगावर आले. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक झोपले होते. सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यानंतर माळवदाचे नाव बदनाम झाले, ते अर्धेच न्याय्य आहे. खरा घात भिंतींनी केला. दगडाच्या दोन फळ्या, मध्ये गोटे आणि चिखल, आणि दोन्ही फळ्यांना बांधणारा आरपार दगड नाही. अशी भिंत हादऱ्याने फुगून फुटते. पुष्कळ ठिकाणी भिंती ढासळूनही खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला होता. पुढच्या दुरुस्ती कार्यक्रमात छतावरची माती कमी करणे, भिंतीत आरपार दगड घालणे, खांब-तुळईच्या सांध्याला तिरके टेकू देणे हेच उपाय सांगितले गेले.

सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे मात्र नव्या जागी हलवली गेली. रुंद सरळ रस्ते, ठरीव मापांची घरे: जमीनधारणेनुसार २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट. ढाळज, चौक, बोळ यांना त्या आराखड्यात जागा नव्हती.

मग माळवद संग्रहालयात जपता येईल का? जुनी घरे एका आवारात उभारून दाखवण्याची प्रथा १८९१ मध्ये स्टॉकहोमच्या स्कानसेन संग्रहालयाने रूढ केली. भोपाळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयात शामला टेकडीवर वेगवेगळ्या समाजांच्या कारागिरांनी स्वतः बांधलेली घरे आहेत. महाराष्ट्रात कोल्हापूरजवळ कणेरी मठाच्या संग्रहालयात बलुतेदारांसह जुने गाव पुतळ्यांतून उभे केले आहे. तेथे लोहाराचा भाता पाहायला मिळतो, पण सिमेंटच्या माणसाकडून गवत उपटून घेता येत नाही, आणि माळवदाला तर नेमका तोच हात लागतो. तिकीटबारीच्या पलीकडे ते उभे करायचे तर माती चोपणारे घर त्याच्याबरोबर आणावे लागेल. तोवर पाहणाऱ्याने औसा, उदगीर, कंधार, देगलूर या बाजूच्या गावठाणांत उन्हाळ्याच्या अखेरीस जावे. माळवदावर माणसे चढलेली तेव्हाच दिसतात.

शब्द मात्र घरापेक्षा चिवट निघाला. या भागातली जुनी माणसे सिमेंटच्या स्लॅबलाही माळवदच म्हणतात.