अर्ध्या तासाची भाकरी

शिदोरी हा शब्द आपल्या बोलण्यात इतका मुरलेला आहे की त्याच्याकडे आपलं लक्षच जात नाही. पुण्याची शिदोरी, ज्ञानाची शिदोरी, असं आपण सहज म्हणून जातो. पण मुळात शिदोरी म्हणजे काय? घराबाहेर काम आहे, दुपारी घरी परतणं होणार नाही, तेव्हा फडक्यात बांधून बरोबर घेतलेलं अन्न. आज या शिदोरीचा, आणि तिचाच पुढे जो डबा झाला त्या डब्याचा, थोडा इतिहास सांगायचा आहे. इतिहास म्हटला की लढाया आणि तह आठवतात. परंतु कष्टकरी माणूस दुपारी काय खात होता, कुठं बसून खात होता आणि खायला त्याला वेळ कोण देत होतं, हाही इतिहासच आहे. त्यातला शेवटचा प्रश्न तर भांडून सोडवावा लागला.

आपल्या जुन्या शिदोरीत मोठी अक्कल साठवलेली आहे. प्रवास दोन दिवसांचा असेल तर भाकरी पाण्यात न भिजवता दुधात भिजवून दशमी करायची, म्हणजे ती मऊ राहते आणि लवकर विटत नाही. सातूचं पीठ बरोबर असलं म्हणजे चूल पेटवायलाच नको. गूळ आणि पाणी मिळालं की जेवण झालं. सोलापूरकडची कडक भाकरी तर पापडासारखी वाळवलेली, कितीतरी दिवस टिकणारी. तिच्या जोडीला शेंगदाण्याची नाही तर जवसाची कोरडी चटणी. ओली भाजी आंबते, कोरडी चटणी आंबत नाही, एवढा साधा विचार त्यामागं आहे. पण तो पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी करून पाहून पक्का केलेला. शेतावर न्याहारी नेणारी घरधनीण भाकरीवर झुणका घालून तिची घडी करते आणि वर बुक्कीनं फोडलेला कांदा ठेवते. इंग्लंडात सँडविच या गावाच्या नावानं उमराव असलेल्या जॉन माँटेग्यूनं पावाच्या दोन कापांत मांस घालून खाल्लं, म्हणून त्या पदार्थाला सँडविच म्हणू लागले. एडवर्ड गिबन या इतिहासकाराच्या १७६२ च्या रोजनिशीत तो शब्द आढळतो. आमच्या झुणक्याच्या घडीला कोणी उमराव भेटला नाही, एवढंच!

शिदोरी एकट्यानं खायची नाही, असाही आपला रिवाज. यमुनेच्या काठी गवळ्यांच्या पोरांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या आणि सगळं एकत्र कालवलं, त्याचा गोपाळकाला झाला. पंढरीच्या आषाढी वारीची सांगता आजही गोपाळपूरच्या काल्यानंच होते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे जिथं आपण जाणार आहोत तिथं पंगतीला एकत्र बसणं सोपं नव्हतं.

आता मुंबईकडे वळू. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ पासून तिथं सूत निघू लागलं. मग परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागात एकामागून एक गिरण्या उभ्या राहिल्या. रत्नागिरीकडून, साताऱ्याकडून, पुण्याच्या मावळातून माणसं आली. गावाकडं शेताचं काम कितीही जड असलं तरी न्याहारीची वेळ बैलच सांगतात; बैल दमले की औत सुटतं आणि माणूस बांधावर बसतो. यंत्र दमत नाही. गिरण्यांत विजेचे दिवे येण्यापूर्वी काम उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत चाले, म्हणजे उन्हाळ्यात तेरा-चौदा तासांचा दिवस होई. काही गिरण्यांत दुपारी यंत्र थोडा वेळ थांबवत, परंतु ते सारं मालकाच्या मर्जीवर. कामगार मग काय करी? शेजारच्याला आपल्या साच्यावर लक्ष ठेवायला सांगून तो आवारात जाई, दोन घास खाई, विडी ओढी आणि परत येई. मालक मंडळी यालाच कामचुकारपणा म्हणत. कामगारांना फिरत राहण्याची खोड आहे, त्यांना ठरावीक सुट्टीची गरज काय, असा त्यांचा युक्तिवाद. चौदा तास उभ्या असलेल्या माणसाला भूक लागते, हे मात्र त्या युक्तिवादात कुठं बसत नव्हतं.

सरकारनं १८८१ साली पहिला कारखाना कायदा केला. त्यात सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसातून नऊच तास काम आणि एक तास विश्रांती ठरली. होय, सात वर्षांची मुलं! आज आपल्या शाळेत दुसरीच्या वर्गात बसणारी. मोठ्या माणसांबद्दल आणि बायांबद्दल त्या कायद्यात काही नव्हतं.

हा प्रश्न ज्यांनी हाती घेतला ते नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८ चा, ठाण्याचा. महात्मा जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजारांवर कामगारांच्या नावांचा अर्ज तयार केला. त्या अर्जातल्या मागण्या ऐका. आठवड्यातून रविवारी सुट्टी असावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावं. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. काम करताना जखमी झालेल्याला भरपाई मिळावी. आणि दुपारी अर्धा तास सुट्टी मिळावी.

अर्धा तास! पगारवाढीचा त्यात शब्द नाही. भाकरी त्यांची, चटणी त्यांची, ती बांधून देणारी बायको त्यांची. मालकाकडून हवा होता तो फक्त ती खाण्यापुरता वेळ. एवढं मागण्यासाठी हजारो माणसांना सभा भराव्या लागल्या. रविवारची सुट्टी १८९० च्या १० जूनला मिळाली. त्यानंतर १८९१ च्या कायद्यानं दुपारची अर्ध्या तासाची सुट्टी सर्व कामगारांसाठी कायदेशीर झाली आणि बायकांच्या कामाचे तास अकरावर आणून त्यांना जास्त विश्रांती ठरवून दिली. लोखंडे १८९७ साली वारले. शिक्षकांनी एकोणिसावं शतक शिकवताना या अर्ध्या तासाला फळ्यावर थोडी जागा द्यावी, असं मला वाटतं. मधली सुट्टी झाली की डबा घेऊन पळणाऱ्या मुलांना ही गोष्ट फार लवकर कळेल.

सुट्टी मिळाली म्हणजे सगळे एका पंगतीला बसले, असं मात्र समजू नका. गावकुसाची भिंत रेल्वेत बसून मुंबईला आली होती. गिरण्यांत पाण्याची भांडीसुद्धा निराळी असत. आणि जिथं मजुरी जास्त होती त्या विणकाम खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना घेतच नसत. कारण काय, तर धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढून घ्यावं लागे, आणि त्या उष्ट्या धोट्याला दुसऱ्याचं तोंड कसं लागायचं! लाळ आणि जात यांचा असा हिशेब मांडून माणसांना कमी पगाराच्या कामावर ठेवलं होतं. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय दूर करण्याची मागणी लावून धरली. एकी करा म्हणणाऱ्या पुढाऱ्यांनाही ती सहजासहजी पचली नाही. काल्याच्या कथा सांगणारा आपला समाज; तेव्हा ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

आता हा डबा भरत कोण होतं ते पाहू. गिरणगावातले पुष्कळ कामगार बायकामुलं गावी ठेवून आलेले. चाळीच्या एका खोलीत दहा-पंधराजण राहात, पाळ्या बदलतील तशी झोपायची जागा बदले. स्वयंपाक करायला ना जागा, ना वेळ. त्यांना जेऊ घातलं खानावळवाल्या बायांनी. बहुधा त्याच चाळीत राहणारी, कुणाची विधवा, कुणाचा नवरा आजारी, अशी बाई आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत वीसेक माणसांचं जेवण करी. जे येऊ शकत नसत त्यांचे डबे भरी. हिशेब महिन्याचा. संप झाला की कामगार उपाशी राहू नये म्हणून तीच उधारीवर जेऊ घाली आणि वाण्याकडं नाही तर सावकाराकडं स्वतःचं डोरलं गहाण टाकी. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावं आहेत, या बायांची नाहीत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून अशा बायांना एकत्र आणलं आणि बँकांकडून कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठं सावकाराचा पाश सैल झाला. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा अखेरचा मोठा संप सुरू झाला. गिरण्यांचे भोंगे थांबत गेले, जेवणारे गावी परतले आणि त्यांच्याबरोबर अनेक खानावळींच्या चुलीही विझल्या.

गिरणगावाबाहेर, फोर्टातल्या कचेऱ्यांत निराळीच अडचण होती. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली आणि पुढे माणसं दूर दूर राहू लागली. कारकुनानं सकाळी लवकर निघायचं, म्हणजे एवढ्या पहाटे पोळी-भाजी तयार कशी असणार? बरं, बाहेर खावं तर सोवळंओवळं आडवं येई. यातून डबेवाल्यांचा धंदा निघाला. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी त्याची घडी बसवली, असं डबेवाले स्वतः सांगतात. हे लोक मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागातले. डोंगरउताराची थोडी जमीन, पावसावरचा भात. त्यावर घर चालेना, म्हणून खाली उतरले. पूर्वी स्वतःची भाकरी कंबरेला बांधून डोंगर चढणाऱ्या माणसानं आता दुसऱ्याची भाकरी डोक्यावर घेतली.

त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. एकजण सकाळी घरोघर फिरून डबे गोळा करतो आणि स्टेशनावर आणतो. तिथं ते उतरण्याच्या स्टेशनाप्रमाणे वेगळे लावतात. लांबलचक लाकडी चौकटीत डबे भरून ती डोक्यावर घ्यायची आणि लोकलच्या मालडब्यात चढवायची. शहरात उतरलं की पुन्हा वाटणी, मग हातगाडी, सायकल, जिना. साडेबारा-एकच्या सुमारास डबा टेबलावर. आणि रिकामा डबा त्याच वाटेनं संध्याकाळपर्यंत परत घरी. एक डबा चार-पाच हातांतून जातो. आरंभी खूण म्हणून रंगीत दोरे बांधत. पुढे झाकणावर रंगानं अक्षरं-आकडे काढू लागले. कुठल्या स्टेशनावरून निघाला, कुठं उतरायचा, कुठली इमारत, कितवा मजला, सगळं त्या चार खुणांत. १९५६ साली त्यांचा ‘नूतन मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स चॅरिटी ट्रस्ट’ नोंदवला गेला. त्यांच्या बिनचूकपणाचे लाखा-कोटीतले आकडे नेहमी छापून येतात. ते मोजले कुणी आणि कसे, हे विचारायच्या भानगडीत मी पडत नाही. २००३ साली इंग्लंडचे युवराज चार्ल्स चर्चगेटला त्यांना भेटून गेले आणि २००५ मध्ये त्यांच्या लग्नाला दोन डबेवाले पाहुणे म्हणून गेले. या कौतुकापेक्षा मला दुसरी गोष्ट मोठी वाटते. चैत्रात गावच्या जत्रेचे दिवस आले की हे लोक आठवडाभर काम बंद ठेवून गावी जातात, आणि एवढी मोठी मुंबई ते चालवून घेते.

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे लोकल बंद झाल्या, कचेऱ्या बंद झाल्या, तशी ही साखळीही तुटली. अनेकजण गावी शेतीवर गेले, काहींनी रखवालदारी धरली. काम पुन्हा सुरू झालं, पण माणसं पूर्वीइतकी उरली नाहीत.

डब्याच्या धातूचीही एक छोटी कथा आहे. आधी पितळी डबा. त्यात आंबट ठेवलं की कळकतं, म्हणून वरचेवर कल्हई. मग ॲल्युमिनिअम आलं, त्याला आपण ‘जर्मन’ म्हणालो. मग स्टील आलं आणि कल्हईवाल्याची हाक गल्लीतून नाहीशी झाली. पावानंही शिदोरीत थोडी जागा मिळवली. पाव हा शब्दच पोर्तुगीजांचा, गोव्याच्या वाटेनं आलेला. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर त्यात बटाटेवडा बसला, आणि डबा नसलेल्या कामगाराची सोय झाली.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्यानं अर्ध्या तासाच्या सुट्टीशिवाय पाच तासांवर सलग काम करून घ्यायला मनाई केली. दीडशेवर कामगार असले तर जेवायला खोली, अडीचशेवर असले तर उपाहारगृह, हेही त्यात आलं. पण कायदा कारखान्याच्या फाटकाशी थांबला. दिवाळीच्या पुढेमागे बीडकडून ऊसतोडीला गाड्या निघतात. तिथं नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘कोयता’ म्हणतात आणि मजुरी टनावर मोजतात. कोपीत बाई पहाटे तीन-चारला उठते, चुलीवर भाकरी थापते, फडक्यात बांधते आणि अंधारातच फडावर जाते. मोळ्या बांधून झाल्या, गाडी भरली, की पाचटावर बसून ती भाकरी सोडायची. गाडी लवकर आली तर तशीच बांधून ठेवायची.