बंब, बॉयलर आणि कायदा

पाणी तापविण्याच्या घरगुती साधनांचा इतिहास कारखान्यांतील बॉयलरच्या इतिहासाहून निराळा मानला जातो. तथापि दोहोंचा एकत्र विचार केल्यास कायद्याची एक मर्यादा स्पष्ट होते.

१८६३ साली कलकत्त्यास बॉयलरचा स्फोट होऊन कित्येक माणसे दगावली; त्यातून १८६४ चा बंगालचा कायदा जन्मास आला. पुढे प्रांतोप्रांती निरनिराळे कायदे झाले व एका प्रांतात निर्धोक मानलेले बॉयलर दुसऱ्या प्रांतात त्याज्य ठरू लागले. ही विसंगती १९२३ च्या कायद्याने दूर केली. मात्र पाच गॅलनांहून मोठे, दाबाखाली वाफ निर्माण करणारे बंद पात्र, एवढ्यापुरतीच त्याची व्याप्ती होती.

तांब्याचा बंब या व्याख्येत बसत नव्हता. मध्ये विस्तवाची नळी व सभोवार पाणी ही त्याची रचना कॉर्निश बॉयलरशी मिळतीजुळती. परंतु तोंड मोकळे असल्याने त्यात वाफ कोंडत नसे. अंगणात वा परसात पेटविलेल्या बंबाचा धूरही तेथेच विरून जाई.

जोगेश्वरीसारख्या उपनगरांत इमारती उभ्या राहिल्या, परस नाहीसे झाले आणि कोंदट न्हाणीघरात गॅसचा गीझर आला. तो पाणी तत्काळ तापवितो. पण हवा अपुरी पडल्यास कार्बन मोनॉक्साइड हा रंगगंधहीन वायू निर्माण होऊन स्नान करणारा प्राणासही मुकतो. १०० अंशांखाली पाणी तापविणारी पात्रे २०२५ च्या नव्या कायद्यानेही वगळलीच आहेत.

सारांश, कायद्याने धोका दाबावरून मोजला. घरातील धोका मात्र श्वासाचा आहे. त्याचा उपाय धुराची नळी बाहेर नेण्यात आणि झरोका मोकळा ठेवण्यात आहे.