पन्हाळगडाचीं धान्यकोठारें

वारणानगरहून पन्हाळगडावर जाणारा प्रवासी बहुधा तटबुरूज पाहतो, झुणकाभाकर खातो आणि परततो. वास्तु आणि अन्न या दोहोंचा तेथील जुना संबंध पाहावयाचा असेल, तर त्यानें अंबरखान्यापाशीं थांबावें.

शिलाहारांनीं बाराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या या गडाच्या बालेकिल्ल्यांत गंगा, यमुना व सरस्वती नांवाचीं तीन कोठारें आहेत. गंगा सर्वांत मोठी. तिचा दगडी जिना बाहेरून थेट छपरावर चढतो. आंत ओळीनें दालनें, प्रत्येकावर घुमटाकार छत, छताच्या मध्यावर एक झरोका. धान्य वर न्यावयाचें आणि झरोक्यांतून खालीं ओतावयाचें, अशी ही योजना. येथें पंचवीस हजार खंडी धान्य मावे, असें परंपरा सांगते. पाण्यासाठीं तीन मजली अंधारबाव: तळाशीं विहीर, वर पहारेकऱ्यांची जागा.

१६६० सालीं सिद्दी जौहरनें गडाला वेढा घातला. १३ जुलैच्या रात्रीं शिवाजीमहाराज निसटले व बाजीप्रभूंनीं खिंड रोखली, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु मागें राहिलेल्या शिबंदीनें भर पावसाळ्यांत गड सप्टेंबरपर्यंत राखला, आणि महाराजांच्या आज्ञेनेंच तो शत्रूच्या हातीं दिला. तटावर उभ्या राहणाऱ्या त्या माणसांना रोज जेवावें लागत होतें. खिंडीचे पोवाडे झाले. कोठाराचा पोवाडा कोणी रचला नाहीं. गडावर भाकरी खातांना त्या अनाम शिबंदीचें स्मरण ठेवावें.