चूक गणिताची, मुलाची नव्हे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमचं दीपनगर म्हटलं तर गाव, म्हटलं तर वसाहत. भुसावळच्या औष्णिक वीज केंद्रामुळे ते जन्माला आलं. इथे विदर्भातून, मराठवाड्यातून, पुण्या-नाशकाकडून नोकरीसाठी आलेली कुटुंबं आहेत आणि आजूबाजूच्या खेड्यांतून रोज कामाला येणारी माणसंही आहेत. लहान मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला की इथले पालक दोन प्रश्न हमखास विचारतात. चार लोक म्हणतात म्हणून कशावरही विश्वास ठेवू नये, हे मुलाला कसं शिकवायचं, हा एक. त्याचा न्यूनगंड कसा घालवायचा, हा दुसरा. पहिल्यासाठी विज्ञानाच्या प्रयोगांचा खोका विकत आणतात. दुसऱ्यासाठी उन्हाळ्याच्या सुट्टीत व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर लावतात. दोन आजार, दोन औषधं. पण आपल्याकडे ज्यांनी हे काम खरोखर केलं, त्यांच्यापुढे हे दोन प्रश्न असे सुटे आलेच नाहीत. आणि ते काम शोधायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही. आपल्याच रेल्वेमार्गाने गेलं तरी पुरतं.

भुसावळहून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की जळगाव, धरणगाव आणि मग अमळनेर. श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्यातून १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. त्या संस्थेत अभ्यासासाठी आलेले कोकणातले एक तरुण, पांडुरंग सदाशिव साने, १९२४ साली तिथल्याच प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. पुढे छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहासाठी त्यांनी नोकरी सोडली. म्हणजे उणीपुरी सहा वर्षं. पण खानदेशात आजही ‘गुरुजी’ एवढंच म्हटलं तरी कोणाविषयी बोलणं चाललं आहे, हे सांगावं लागत नाही.

छात्रालयात मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त असत. तेव्हाच्या रीतीप्रमाणे यावर उपाय म्हणजे छडी, नाहीतर दंड. गुरुजी मुलं शाळेत गेल्यावर स्वतः त्यांच्या खोल्या आवरत, कपड्यांच्या घड्या घालत, कोणी आजारी पडलं तर उशाशी बसत. कोणाला बोलत नसत. काही दिवसांनी मुलं शरमली आणि आपली कामं आपण करू लागली. मुलांसाठी ते रोज हाताने लिहिलेलं दैनिक काढत, पुढे ‘विद्यार्थी’ नावाचं मासिकही काढलं. परगावाहून आलेल्या, घरच्या आठवणीने हिरमुसलेल्या मुलाला आपल्यासाठी कोणीतरी रोज लिहितं आहे, हे दिसत होतं. ही मुलं लहान नव्हती, हायस्कुलातली होती. तरीही बालशिक्षणाविषयी बोलताना मी अमळनेरपासून सुरुवात करतो, कारण धाकाशिवाय शिस्त लागते हे या भागात प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलं गेलं ते तिथे.

गुरुजींविषयी बोलताना आपल्याकडे डोळे भरून येतात. माझेही येतात. पण एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेलं ‘श्यामची आई’ आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे. त्यातला श्याम पोहायला घाबरतो, लपून बसतो, आणि आई त्याला मारून विहिरीवर धाडते. श्याम पोहायला शिकतो, आईची माया कळून तो विरघळतो. पुस्तकात ते शोभतं, कारण त्या आईचं काळीज आपण पानोपानी पाहिलेलं असतं. ‘श्यामची आई’ वाचून झालेले पालक मात्र त्यातून नेमका मार उचलतात, आणि सोबत अश्रू. “आईला किती छळतोस रे,” हे वाक्य मी या वसाहतीत जितक्या वेळा ऐकलं असेल तितकं दुसरं कुठलं ऐकलं नसेल. ज्या मुलाने दूध सांडलं, त्याला दूध सांडलं एवढंच समजायला हवं. त्याऐवजी आपण आईला दुःख देणारं पोर आहोत, असं त्याच्या मनात बसतं. पश्चात्ताप आणि स्वतःविषयीची घृणा यांमधली रेघ फार बारीक असते. गुरुजींना ती दिसत होती असं मला वाटतं. त्यांच्या भक्तांना ती नेहमी दिसते असं वाटत नाही.

ही रेघ ज्यांनी शास्त्र म्हणून पाहिली, ती मंडळी याच रुळाच्या पलीकडच्या टोकाला भेटतात. अमळनेरवरून गाडी नंदुरबारमार्गे सुरतेला जाते. तिथून मुंबईच्या दिशेने खाली आलं की घोलवड लागतं, आणि घोलवडजवळ समुद्रकाठी बोर्डी. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी इथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं.

ताराबाई तिथे पोचल्या त्या गुजरातवरून. १९२३ च्या सुमारास त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसं शिकवावं या विचाराने त्यांनी माँटेसोरीबाईंचं लिखाण वाचलं आणि वकिली मागे पडली. गिजुभाई-ताराबाईंनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. मुलाला भीती दाखवू नका, बक्षिसाची लालूच दाखवू नका, दुसऱ्या मुलाशी तुलना करू नका, हे त्यांनी गुजरातीत आणि मराठीत वर्षानुवर्षं सांगितलं. त्या काळी ‘छडी लागे छमछम’ हीच पालकांची श्रद्धा होती, हे लक्षात घेतलं म्हणजे त्यांना किती विरोध झाला असेल याची कल्पना येते.

माँटेसोरी पद्धतीतलं एक साधन मला या सगळ्या विचाराचा गाभा वाटतं. दट्ट्यांची पेटी. लाकडाच्या एका ठोकळ्यात दहा खाचा आणि त्यात बसणारे दहा दट्टे, प्रत्येक वेगळ्या जाडीचा किंवा उंचीचा. मूल दट्टे काढतं आणि परत बसवू लागतं. जाड दट्टा बारीक खाचेत जात नाही. बारीक दट्टा मोठ्या खाचेत जातो, पण मग शेवटी एक दट्टा उरतो, तो कुठेच बसत नाही. मूल थांबतं, पाहतं, पुन्हा सगळे काढतं. बाई जवळ बसलेल्या असतात, पण बोलत नाहीत. चूक झाली हे ठोकळा सांगतो. ठोकळ्याला राग येत नाही, तो “एवढंही येत नाही का” म्हणत नाही, शेजारच्या मुलाकडे बोट दाखवत नाही. तीन वर्षांचं मूल तिथे दोन गोष्टी एकदम शिकतं : आपला अंदाज वस्तूशी ताडून पाहायचा असतो, आणि अंदाज चुकला तरी आपलं काही बिघडत नाही. पहिलीला मोठेपणी आपण विवेकी विचार म्हणतो, दुसरीला स्वतःचा स्वीकार. त्या पेटीत त्यांची फारकत करताच येत नाही.

अडचण होती ती पेटीच्या किमतीची. शहरातल्या सुखवस्तू मुलांना ती मिळे. बोर्डीच्या आसपासच्या कोळी आणि वारली मुलांना कुठून मिळणार? ताराबाई आणि त्यांच्याबरोबर तिथे कामाला लागलेल्या अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, पानं, खडे, काड्या गोळा केल्या. लहान-मोठं, खरखरीत-गुळगुळीत, हलकं-जड हे सगळं पाड्याभोवतीच पसरलेलं होतं. मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. त्यातूनच ‘अंगणवाडी’ हा शब्द आला. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि मराठी अंगणातला हा शब्द देशभर गेला. संस्थेचं काम १९५७ च्या सुमारास कोसबाडच्या टेकडीवर आलं. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी अनुताईंनी कुरणातच शाळा भरवली, तिचं नाव कुरणशाळा.

अनुताईंचं स्वतःचं आयुष्यही यात आहे. तेराव्या वर्षी लग्न, आणि काही महिन्यांतच वैधव्य. त्या काळात अशा मुलीला घरदार, गल्ली, नातलग सगळे मिळून एकच गोष्ट शिकवत : तू अपशकुनी आहेस. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि वारली मुलांची नखं कापणं, त्यांना आंघोळ घालणं इथपासून त्यांनी बालवाडीची सुरुवात केली. ज्या मुलांना बाजारात कोणी जवळ उभं करत नव्हतं, त्यांना पहिला धडा हाच मिळाला की कोणीतरी आपल्याला हात लावतं. अक्षरं नंतर. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री.

याच काळात तिकडे न्यूयॉर्कला अल्बर्ट एलिस नावाचे मानसोपचारतज्ज्ञ वेगळ्या वाटेने त्याच जागी पोचले होते. १९५५ पासून त्यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. आपल्याला त्रास होतो तो घटनेपेक्षा घटनेविषयीच्या आपल्या हट्टी समजुतींनी, आणि त्यातली सर्वांत घातक समजूत म्हणजे एका कृतीवरून अख्ख्या माणसाला गुण देणं, असं त्यांचं म्हणणं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या संस्थेने काही वर्षं लहान मुलांची शाळाही चालवली, आणि विल्यम नॉस यांनी १९७४ साली प्राथमिक शिक्षकांसाठी हस्तपुस्तिका लिहिली. मराठीत हा विचार मुख्यतः कि. मो. फडके यांच्यामुळे आला. एलिस यांच्याशी त्यांचा दीर्घकाळ पत्रव्यवहार होता. पुढे अंजली जोशी यांनी एलिस आणि फडके या दोघांवर लिहून तो घराघरांत नेला. इंग्रजीत जे समजवायला वाक्य लागतं ते मराठीत एका अक्षरात येतं. ‘मला पहिला नंबर मिळावा’ आणि ‘मला पहिला नंबर मिळालाच पाहिजे’. सगळी गडबड त्या ‘च’ने केलेली आहे. पाच वर्षांच्या मुलालाही हा ‘च’ पकडता येतो, आणि आईबापांच्या बोलण्यातला तर फारच लवकर.

वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य असल्याचं १९७६ पासून आपल्या राज्यघटनेत लिहिलेलं आहे. चार वर्षांच्या नागरिकाला ते कसं सांगायचं? आमच्याकडे कुलिंग टॉवरमधून पांढरे लोट निघतात. वसाहतीतलं प्रत्येक मूल कधी ना कधी म्हणतं, ढग इथेच तयार होतात. “वेडा आहेस का” म्हटलं की विषय संपतो, आणि पुढचा प्रश्न येत नाही. चहाच्या भांड्यावर थंड ताटली धरून दाखवली तर मुलाचा अंदाज पूर्ण चुकीचा नव्हता, हे त्यालाच दिसतं. वाफ तीच असते. मग चिमणीतला धूर वेगळा का, हे मूल आपणहून विचारतं. शहाणपणाची उत्तरं पाठ करून घेण्यापेक्षा ही ताटली मला मोलाची वाटते.

शिक्षणहक्क कायद्याने २००९ साली मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायला मनाई केली. पण तो कायदा सहा ते चौदा वयासाठी. बालवाडीतलं मूल त्याच्या दाराबाहेर राहिलं, आणि लाजेची सुरुवात तर तिथेच होते. आपल्या भागात ती मुख्यतः भाषेची लाज असते. भुसावळ, यावल, रावेरकडच्या लेवा बोलीत ‘मला’चं ‘मले’ होतं आणि ‘ळ’चा ‘य’ होतो. पश्चिमेला धुळ्याकडे अहिराणी. मूल घरून अस्खलित बोलत येतं आणि वर्गात पहिल्याच दिवशी कळतं की आपण अशुद्ध आहोत. आपलं बोलणं अशुद्ध आहे असं नव्हे, आपणच. मग ते गप्प बसतं, आणि गप्प बसलेलं मूल प्रश्न कसा विचारणार?

यातली गंमत म्हणा की दुर्दैव, याच बोलीत आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी गात होत्या. शाळेची पायरी न चढलेल्या बाई. त्या १९५१ साली गेल्या. दुसऱ्या वर्षी सोपानदेवांनी आणि आचार्य अत्र्यांनी त्यांची गाणी पुस्तकरूपाने आणली, आणि महाराष्ट्र थक्क झाला. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. बहिणाबाईंची कविता मराठीच्या पुस्तकात असते, आणि तीच बोली बोलणाऱ्या मुलाला त्याच तासाला हसतात.

एका बालवाडीत मी हे प्रत्यक्ष पाहिलं. ताईंनी चित्राचं कार्ड दाखवलं. एक मुलगा म्हणाला, “केयी.” वर्ग हसला. मुलगा खाली बघू लागला. ताई नवीन होत्या, वयाने अगदी लहान. त्या रागावल्या नाहीत, सुधारायलाही धावल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर चित्राखाली दोन शब्द लिहिले, केयी आणि केळी, आणि म्हणाल्या, “हा याच्या घरचा शब्द, हा पुस्तकातला. दोन्ही त्याच फळाचे.” मग त्याला विचारलं, “तुमच्याकडे शेत आहे का रे?” त्याच्याकडे शेत नव्हतं. त्याचे वडील रावेरकडे घड कापायला आणि ट्रक भरायला जात. मुलाने आधी हळूहळू आणि मग हात पसरून सांगायला सुरुवात केली : घड खांद्यावर कसा घेतात, तो आपटला तर डाग पडून भाव कसा जातो, घडाला फण्या किती असतात, आणि घड कापल्यावर बुंध्याशी फुटलेल्या पिलातून पुन्हा झाड कसं येतं. हसणाऱ्यांपैकी एकाने मधेच विचारलं, “बी लावत नाहीत?” केळीला बी कुठं असतं, असं म्हणून तो मुलगा थांबला. मग दोघांनी मिळून ताईंच्या डब्यातलं केळं मधोमध चिरून पाहिलं. आत बारीक काळे ठिपके होते. ते बी आहे की नाही यावर त्या दिवशी वर्गात मधली सुट्टी होईपर्यंत वाद चालला होता.