पेटंटाचा कागद आणि शंकर आबाजी भिसे यांचें टाइप ओतण्याचें यंत्र

(१) हेतु

सनदा, इनामपत्रें व महजर वाचण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांस पेटंट ही वस्तु परकी वाटण्याचें कारण नाहीं. राजसत्तेनें एका इसमास एका कृतीचा एकाधिकार ठराविक मुदतीपुरता दिला, असें जाहीर करणारें तें उघडें पत्र होय. जातीनें ती सनदच. म्हणून सनदेस आपण जे प्रश्न विचारतों, तेच येथेंहि विचारले पाहिजेत: देणारा कोण, घेणारा कोण, तारीख कोणती, आणि देण्यापूर्वी चौकशी झाली होती कीं नाहीं. ही कसोटी ‘हिंदुस्थानचे एडिसन’ म्हणून ज्यांचा गौरव झाला त्या शंकर आबाजी भिसे यांच्या यंत्रास लावून पाहणें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२) पूर्ववृत्त

भिसे यांचा जन्म इ. स. १८६७ मध्यें मुंबईस झाला. ज्या शहरांत जावजी दादाजींनीं खिळे ओतण्याचा कारखाना काढला व १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना उभारला, तेंच हें शहर. देवनागरीस जोडाक्षरांमुळें शेकडो निरनिराळे खिळे लागतात. टाइप ओतण्याच्या धंद्याचें महत्त्व अशा ठिकाणीं वाढलेल्या माणसास वेगळें सांगावें लागलें नसेल. भिसे यांचें नांव प्रथम गाजलें तें मात्र दुसऱ्याच यंत्रानें. १८९७ च्या सुमारास एका इंग्रजी नियतकालिकानें आपोआप वजन करणाऱ्या यंत्राची स्पर्धा लाविली, तींत त्यांची योजना सर्वोत्तम ठरली. पुढें दिनशा वाच्छांचें शिफारसपत्र घेऊन ते लंडनास दादाभाई नौरोजींकडे गेले. दादाभाईंनीं रीतसर करार करून त्यांच्या शोधांस पैसा पुरविला. जाहिरातीचा विजेचा दिवा व घरगुती उपयोगाचीं उपकरणें असे अनेक शोध झाल्यावर त्यांनीं टाइप ओतण्याच्या यंत्राकडे सर्व लक्ष दिलें. ‘भिसोटाइप’ तें हेंच.

(३) वेगाचें प्रमाण

चरित्रपर लेखांतून एक विधान वारंवार आढळतें: तत्कालीन उत्तम यंत्र मिनिटास १५० टाइप ओतीत असे, तर भिसे यांचें यंत्र १,२०० ओती. हें विधान जसेंच्या तसें स्वीकारतां येत नाहीं.

टाइप ओतण्याची क्रिया अशी. अक्षराची खोलगट मातृका साच्याच्या तोंडाशीं बसवावी, शिसें, अँटिमनी व कथील यांचा वितळलेला रस पिचकारीनें आंत मारावा, तो गोठतांच साचा उघडून खिळा बाहेर काढावा. डेव्हिड ब्रूस यानें १८३८ मध्यें अमेरिकेंत पेटंट घेतलेलें यंत्र हेंच काम एकाच साच्यानें करी. टॉलबर्ट लॅन्स्टन याचें मोनोटाइप मजकुराच्या क्रमानें एकेक खिळा ओती. त्याचा वेगहि मिनिटास दीडशेच्या आसपासच होता. एका साच्यांत धातु गोठण्यास जो वेळ लागतो, तीच या सर्वांची मर्यादा. तेव्हां १५० हा आंकडा खोटा नाहीं. तो एका जातीच्या यंत्रांचा आहे.

पण दुसरी जातहि होती. फ्रेडरिक विक्स यानें फिरत्या चाकाच्या परिघावर शंभर साचे बसविले. एक साचा भरला जात असतां बाकीच्यांत धातु गोठत असे, आणि त्यामुळें मिनिटास शेंकड्यांनीं टाइप पडत. लंडनचा ‘टाइम्स’ वापरलेले खिळे परत खणांत भरण्याऐवजीं ते वितळवून या यंत्रावर नवे ओतून घेई. म्हणजे वेगाच्या बाबतींत भिसे यांचा खरा प्रतिस्पर्धी ब्रूस वा लॅन्स्टन नसून विक्स होता. तुलना त्याच्याशीं, आणि टाइपाचें माप तेंच धरून केली पाहिजे. कारण लहान टाइप लवकर गोठतो, मोठा उशिरां.

(४) पेटंटाची साक्ष

“पेटंट मिळालें, त्या अर्थीं शोध नवा होता” असा युक्तिवाद केला जातो. येथें देणाऱ्याच्या चौकशीचा प्रश्न येतो. इंग्लंडांत १९०२ च्या कायद्यापूर्वीं शोध नवा आहे कीं नाहीं याचा सरकारी तपास होत नसे. तो कायद्यानें ठरविलेला तपास १९०५ पासून अमलांत आला, आणि तोहि मागील पन्नास वर्षांच्या इंग्रजी वर्णनपत्रांपुरता. तेव्हां १९०५ पूर्वींचें इंग्रजी पेटंट दावा केव्हां केला याचा बळकट पुरावा आहे, नाविन्याचा नव्हे. अमेरिकेंत मात्र १८३६ पासून परीक्षकाकडून तपासणी होई. भिसे यांस अमेरिकेंतहि पेटंटें मिळालीं, आणि नाविन्याच्या प्रश्नावर त्यांचें वजन अधिक धरावें. तथापि यंत्र किती वेगानें चाललें किंवा धंद्यांत टिकलें कीं नाहीं, हें कोणत्याहि देशाचें पेटंट सांगत नाहीं.

हिंदुस्थानांतील शोधांविषयीं एक सूचना येथेंच करावीशी वाटते. पंखा ओढण्याच्या यंत्राबद्दल डी पेनिंग यांनीं कलकत्त्यास पहिला अर्ज केला तो १८५६ सालीं. तेव्हांपासून १९११ च्या कायद्यापर्यंत येथील कागदांत अशा हक्कास बहुधा ‘अनन्य विशेषाधिकार’ या अर्थाचें नांव आहे. केवळ ‘पेटंट’ शब्दावरून दफ्तर चाळणारास तीं प्रकरणें सांपडणार नाहींत.

(५) अपयशाचें कारण

यंत्र बाजारांत रुजलें नाहीं याचा उलगडा पत्रव्यवहारांत आहे. नमुन्याचें यंत्र घडविणें एक, आणि शेंकडों यंत्रें तयार करून छापखान्यांस विकणें दुसरें. दादाभाईंचें द्रव्य पहिल्यास पुरलें, दुसऱ्यास पुरणें शक्य नव्हतें. इंग्रज समाजवादी पुढारी हाइंडमन यांनीं भांडवल जमविण्याचा यत्न केला, तो फसला. १९०७ मध्यें दादाभाई हिंदुस्थानांत परतले. १९०८ च्या सुमारास कार्यशाळा बंद करून भिसे निघाले असतां बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले भेटले. गोखल्यांनीं सर रतन टाटा यांच्याकडे शब्द टाकला, आणि १९१० मध्यें टाटा-भिसे मंडळी स्थापन झाली. पुढें पहिल्या महायुद्धाच्या काळांत भिसे न्यूयॉर्कला गेले, आणि तेथेंच १९३५ मध्यें निवर्तले. वाच्छा, नौरोजी, गोखले, टाटा ही नामावळीच सांगते कीं राष्ट्रकार्य करणाऱ्या मंडळींनीं या शोधाकडे एका इसमाची खटपट म्हणून पाहिलें नाहीं.

(६) निष्कर्ष

भिसे हे सर्वांत वेगवान यंत्राचे एकमेव कर्ते, हें विधान तूर्त सिद्ध धरूं नये. परंतु परक्या देशांत, परक्या भांडवलाच्या बाजारांत, मुंबईच्या एका माणसानें मुद्रणधंद्यांतील मातबर यंत्रांशीं सामना दिला, हें निःसंशय आहे; आणि तेवढ्यानें त्यांची योग्यता कमी होत नाहीं. न टिकणाऱ्या स्तुतीपेक्षां टिकणारें सत्य त्यांस अधिक शोभेल.

पेटंटांचीं वर्णनपत्रें छापलेलीं असल्यानें तीं नष्ट होण्याचें भय नाहीं. नौरोजींचा पत्रसंग्रह दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत सुरक्षित आहे. भय आहे तें तिसऱ्या वर्गाच्या साधनांचें: करारांच्या नकला, यंत्राचे हातानें काढलेले नकाशे, कारखान्याचीं बिलें, नमुन्यादाखल ओतलेले खिळे. असा ऐवज बखरींच्या रुमालाइतका जुना दिसत नाहीं, म्हणून रद्दींत जातो. संग्राहकांनीं तो तारीख व मूळ स्थळ नोंदवून राखावा. भिसे आणि विक्स यांचा निवाडा शेवटीं अशाच एखाद्या कागदावर व्हावयाचा आहे.