आसन्न आणि अपरिमेय

‘उत्तर अद्याप सापडले नाही’ आणि ‘उत्तर असूच शकत नाही’ या दोन विधानांतील अंतर ओळखण्यास मनुष्याला फार काळ लागला. परिमेय व अपरिमेय संख्यांच्या भेदाचा इतिहास हा त्या ओळखीचाच इतिहास होय. दोन पूर्णांकांच्या भागाकाराने जी नेमकी मांडता येते ती संख्या परिमेय. जी तशी मांडता येतच नाही ती अपरिमेय.

बौधायनाच्या शुल्बसूत्रातील रीतीने एकक चौरसाच्या कर्णाचे मान ५७७/४०८ येते. ५७७ चा वर्ग ३,३२,९२९. ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३,३२,९२८. अंतर अवघ्या एकाचे! वेदी रचणारास एवढी सूक्ष्मता पुरेशी होती. परंतु असे अंतर कोणत्याही अपूर्णांकाने सर्वस्वी मिटणार नाही, हे नुसत्या आकडेमोडीने कधीच कळत नाही. त्यास सिद्धताच हवी. ती ग्रीकांनी दिली. कर्ण व बाजू यांना समाईक माप आहे असे मानल्यास एकच संख्या सम आणि विषमही ठरते, या आशयाच्या युक्तिवादाचा ॲरिस्टॉटलने उल्लेख केला आहे.

आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ सांगितला व त्यास ‘आसन्न’, म्हणजे जवळचा, म्हटले. नेमके मान सोडून आसन्न का सांगितले? केरळच्या नीलकंठ सोमयाजीने (जन्म १४४४) आपल्या आर्यभटीयभाष्यात हाच प्रश्न उपस्थित केला. व्यास ज्या मापाने निःशेष मोजला जातो, त्याच मापाने परीघ मोजता शेष उरतोच. माप सूक्ष्म केल्याने शेष सूक्ष्म होतो, नाहीसा होत नाही, असे त्याचे उत्तर आहे.

येथे दोन्ही बाजूंनी न्याय राखावयास हवा. नीलकंठाने सत्य स्पष्ट शब्दांत सांगितले, हे आम्ही अभिमानाने सांगावे. सिद्धता १७६१ मध्ये लांबर्टने दिली, हेही तितक्याच मोकळेपणाने सांगावे. एकाचे श्रेय दुसऱ्यास देण्याने कोणाचाच गौरव होत नाही.

हा विवेक आजही लागतो. ऑयलरचा स्थिरांक, ०.५७७२..., याची अब्जावधी दशांशस्थळे काढली गेली. तरी तो परिमेय की अपरिमेय, हे ठरलेले नाही. १/९७ या साध्या अपूर्णांकाचे आकडे देखील ९६ स्थळांनंतरच पुन्हा येऊ लागतात. मग आवर्तन दिसले नाही एवढ्यावरून निर्णय कसा द्यावा? म्हणून २२/७ फळ्यावर लिहिताना त्यापुढे ‘आसन्न’ हा एक शब्द आम्ही शिक्षकांनी अवश्य लिहावा.